सिंधुदुर्ग जिल्हा : प्रशासन, वारसा व पर्यटन

महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाचा कोकणातील जिल्हा. क्षेत्रफळ ५,२०७ चौ. किमी.; लोकसंख्या ८,४९,६५१ (२०११). उत्तरेस रत्नागिरी, पूर्वेस सह्याद्रीपलीकडे कोल्हापूर, आग्नेयेस कर्नाटकातील बेळगाव, दक्षिणेस गोवा व पश्चिमेस अरबी समुद्र. रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी तो अस्तित्वात आला. २००१ मध्ये लोकसंख्या ८,६८,८२५ होती, म्हणजे पुढील दशकात ती घटली. चाकरमान्यांचे मुंबईकडे स्थलांतर हे त्याचे जुने कारण. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या, त्यामागेही तेच. नागरी वस्ती जेमतेम आठवा हिस्सा.

प्रशासन : मुख्यालय ओरोस (सिंधुदुर्गनगरी). तालुके आठ : देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी व दोडामार्ग. सावंतवाडी, मालवण व वेंगुर्ले येथे नगरपरिषदा, तर उरलेल्या पाच तालुक्यांच्या ठिकाणी नगरपंचायती आहेत. बाकी सर्व कारभार जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत या तीन पायऱ्यांनी चालतो. येथील गाव सलग वस्तीचे नसून वाड्यांत विखुरलेले असते. त्यामुळे नळयोजना व रस्त्यांचा खर्च घरांच्या मानाने जास्त येतो आणि पत्ता विचारतानाही गावाबरोबर वाडी सांगावी लागते. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग व राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार चुकीच्या कचेरीत पडते ती बहुधा यामुळेच.

वारसास्थळांबाबत अधिकारांची सरमिसळ अधिक आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारा प्रवासी मालवण नगरपरिषदेच्या हद्दीतून येतो आणि महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीतील धक्क्यावर होडीत बसतो. किल्ल्याचे संरक्षण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग करतो, परंतु आतील वस्ती वायरी ग्रामपंचायतीत मोडते. आजूबाजूचा काही समुद्र १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मी.पर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मी.मध्ये परवानगी आवश्यक असल्याने साधी घरदुरुस्तीही लांबते.

सिंधुदुर्ग : मालवणसमोरील कुरटे बेटावरील जलदुर्ग. पायाभरणी नोव्हेंबर १६६४ मध्ये झाली असे सामान्यतः मानतात. काम १६६७ च्या सुमारास पुरे झाले असावे. तटाचा घेर सुमारे ३ किमी., उंची अंदाजे ३० फूट व जाडी १२ फूट. बुरुजांची संख्या काही ठिकाणी २२, तर काही ठिकाणी ४२ दिली जाते. तटाची प्रत्येक नागमोड बुरूज म्हणून मोजायची की नाही, यावर बहुधा हा फरक पडतो. पायात शिसे ओतल्याची परंपरा प्रसिद्ध आहे. ते सबंध तटाखाली नसून निवडक ठिकाणी असणे अधिक संभवनीय वाटते. महाद्वार तटाच्या वळणात दडलेले असल्याने होडी अगदी जवळ जाईपर्यंत ते दिसत नाही. आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आणि राजाराम महाराजांच्या काळातील मानले जाणारे शिवराजेश्वर मंदिर आहे. पावसाळ्यात होड्या बंद असतात. एरवी होडी परतण्यासाठी साधारण तासाभराचा अवधी देते. तेवढ्यात तटाची पूर्ण फेरी होत नाही.

विजयदुर्ग : देवगड तालुक्यात वाघोटन खाडीच्या मुखाशी. मूळ दुर्ग शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधला असे म्हणतात. जुने नाव घेरिया. शिवाजी महाराजांनी तो विजय संवत्सरात (साठ वर्षांच्या चक्रातील त्या नावाच्या वर्षात) घेतला म्हणून विजयदुर्ग हे नाव पडले, ही व्युत्पत्ती सर्वत्र आढळते. हिशेबाने विजय संवत्सर शके १५७५ (१६५३–५४) ला पडते. परंतु त्या वेळी महाराजांची सत्ता इतक्या दक्षिणेस पोचली होती का, हा आक्षेप आहे. पुढचे विजय संवत्सर १७१३ मध्ये, म्हणजे आंग्र्यांच्या काळात येते. तेव्हा एक तर १६५३ हे साल मान्य करावे, नाही तर संवत्सराची कथा मागाहून रचलेली समजावी. दुसरा पर्याय अधिक सयुक्तिक दिसतो. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन व क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्रे यांच्याकडून किल्ला घेतला. पुढे तो बाणकोटच्या बदल्यात पेशव्यांकडे आला. खाडीत आत गिर्ये येथे खडकात खोदलेली गोदी आहे. जुन्या नोंदींत तिची लांबी ३५५ फूट व रुंदी २२७ फूट दिली आहे.

हेलियमचा शोध येथे लागला, हे विधान तपासून घेण्याजोगे आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून मछलीपट्टणकडे गेला आणि किल्ल्यावर त्याच्या निरीक्षणाची जागा म्हणून ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात. मात्र त्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, तर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरने २० ऑक्टोबर १८६८ रोजी ग्रहणाविनाच, इंग्लंडमधून सूर्याच्या वर्णपटातील रेषा पाहिल्या. ग्रहणाचे निरीक्षण विजयदुर्गावरूनही झाले असेल. शोधाचे श्रेय मात्र या ओट्यांना देता येत नाही. पृथ्वीवर हे मूलद्रव्य रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने १८९५ मध्ये वेगळे केले.

हे दोन्ही किल्ले जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जागतिक वारसा यादीत आले.

कातळशिल्पे : कुडोपी (ता. मालवण) येथील सड्यावर (जांभ्या दगडाच्या सपाट पठारावर) कोरलेल्या मानवी, प्राणी व भौमितिक आकृत्या. २०२२ पासून हे स्थळ कोकणातील इतर कातळशिल्पांसह युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. कालनिर्णय अनिश्चित : उघड्या खडकावर थर साचत नसल्याने शिल्पांचे थेट वय काढणे अवघड असते. मध्याश्मयुगाचा अंदाज मांडला जातो, तो आसपासच्या अवजारांवरून व शैलीवरून. रेषा उथळ असल्याने भर दुपारी त्या दिसत नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात पाहाव्यात. पावसाळ्यात त्यांत माती व गवत भरते. सड्यावरील शिल्पांना मोठा धोका चिरेखाणींचा, कारण शिल्पाला हवा तोच सपाट जांभा चिऱ्यालाही हवा असतो.

कला : सावंतवाडीची दशावतारी गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) १२० गोल पानांची : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर व एक ते दहा. निम्म्या रंगांत दश्शा वरचढ, उरलेल्या निम्म्यांत एक्का. नवखा खेळाडू येथेच चुकतो. संस्थानिक शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कलेस पुन्हा उभारी दिली. लाकडी फळे व खेळणी चितारआळीत मिळतात. फळांसाठी हलके पांगाऱ्याचे लाकूड वापरतात. पिंगुळी (ता. कुडाळ) येथे ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) व कळसूत्री बाहुल्या; तेथील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

इतर स्थळे व प्रवास : तारकर्ली, निवती व भोगवे येथील किनारे; अतिवृष्टीचे आंबोली; कुणकेश्वर व रेडी येथील देवस्थाने. रेल्वेचे ‘सिंधुदुर्ग’ स्थानक ओरोसजवळ आहे, किल्ल्याजवळ नव्हे; मालवणला जाण्यासाठी कुडाळ किंवा कणकवलीला उतरणेही तितकेच सोयीचे. चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तिथीने ठरत नाही, देवीच्या कौलाने ठरते. त्यामुळे तारीख जाहीर होताच मुंबईहून येणाऱ्या गाड्यांची आरक्षणे भरतात.