पाच सेकंदांचं कोडं

मामाने देवगडजवळच्या घरात दोन खोल्यांचा होमस्टे काढला, तेव्हापासून पावसाळ्यात एक तक्रार ठरलेली. तो त्याच्या शब्दांत सांगतो, "रेंज आसा, पण पान उघडना नाय." डोंगरापलीकडच्या टॉवरवरून सिमवाला राउटर जेमतेम सिग्नल ओढतो, तरी स्पीड मोजला तर व्हिडिओ चालावा एवढा भरतो. मात्र नवं पान उघडताना माझा लॅपटॉप अडायचा. एकदा घड्याळ लावलं. बरोबर ५ सेकंद. परत ५.

इतका नेमका आकडा पावसाचा असू शकत नाही, तो कुणीतरी ठरवलेला असणार. तसाच निघाला. संकेतस्थळाचं नाव टाइप केलं की आधी त्या नावाचा आकडी पत्ता विचारावा लागतो. हा प्रश्न सहसा यूडीपी पद्धतीने जातो, म्हणजे साध्या पोस्टकार्डासारखा, पोच नाही. वाटेत गळाला तर पाठवणाऱ्याला पत्ताच नाही. लिनक्सवरचा माझा लॅपटॉप मग मुकाट ५ सेकंद वाट बघतो आणि पुन्हा विचारतो. ओल्या हवेत कार्डं गळतात आणि बोल लागतो स्पीडला.

एके काळी ही विचारपूसच नव्हती. सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये असत. ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे आणि जो तो तिची प्रत उतरवून घेई. संगणक वाढले तशी फाइल आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ती विस्कटून जगभर वाटून टाकणारी डीएनएस ही व्यवस्था मांडली. तिच्या मुळाशी १३ नावांचे सर्व्हर आहेत, पण तिथे 'डॉट इन'चं नाव विचारलं तर ते फक्त 'डॉट इन'वाल्यांकडे बोट दाखवतात. ते पुढच्याकडे. एसटी स्टँडवर आपल्या वाडीतलं घर कुणी सांगत नाही, पण गाडी कुठे लागते ते सांगतात, तसंच. ही पायपीट आपल्यासाठी मोबाइल कंपनीचा सर्व्हर करतो. आपला प्रश्न मात्र दर वेळी तो डोंगर ओलांडून जातो.

म्हणून पडवीतल्या फडताळात रास्पबेरी पाय ही छोट्या संगणकाची पेटी ठेवली आणि तिच्यावर सायमन केली यांचा डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्रॅम चढवला. हा नुसता मध्यस्थ. स्वतः शोधत नाही, प्रश्न पुढे पाठवतो आणि आलेलं उत्तर लक्षात ठेवतो. एका पाहुण्याने विचारलेलं नाव दुसऱ्याला घरातल्या घरात मिळतं. मुळात तो १५० नावंच ध्यानात ठेवतो. बातम्यांचं एकेक पान जाहिराती, चित्रं धरून डझनावारी नावं मागतं, त्यामुळे मी आकडा १००० केला.

लक्षात किती वेळ ठेवायचं, हे नावाचा मालक ठरवतो. कुणी ३०० सेकंद सांगतो, कुणी पूर्ण दिवस. हापूसच्या पेटीचा भाव कालचा आज चालत नाही, तसं. 'असं नावच नाही' हे उत्तरसुद्धा काही काळ जपलं जातं. मुदत ताणायची सोयही या प्रोग्रॅममध्ये आहे. मी तिला हात लावला नाही. पत्ता बदलला की शिळं उत्तर पाहुण्याला बंद दारापुढे उभं करतं.

जोडणीत फजिती माझीच झाली. घरातल्या फोननी या पेटीला विचारावं, असं राउटरला सांगितलं, इथवर ठीक. पण पेटीने पुढे कुणाला विचारायचं, तिथे राउटरचाच पत्ता घातला आणि राउटरचा प्रश्न पुन्हा पेटीकडे. एकच प्रश्न दोघांत गरगरत राहिला. एका वेळी १५० प्रश्नांची मर्यादा भरली आणि सगळंच ठप्प. पुढचे दोन पत्ते राउटरबाहेरच्या सर्व्हरचे हाताने लिहिले आणि दोघांना एकदमच विचार, ज्याचं आधी येईल ते घे, असं सांगितलं. दोन्ही कार्डं एकाच वेळी गळणं त्यामानाने विरळ. आणखी एक काळजी: पेटीने फक्त घरातल्यांचं ऐकावं. बाहेरच्यांनाही उत्तरं देणाऱ्या पेट्या वापरून दुसऱ्यावर उत्तरांचा भडिमार करणारे लोक आहेत.

एखाद्या पाहुण्याच्या अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस'ला ठरावीक सर्व्हरचं नाव भरलेलं असतं. तो आमच्या पेटीला वळसा घालून थेट तिकडे विचारतो. त्याला इलाज नाही, आणि असूही नये.

मामाला खरं अप्रूप वेगळंच. गोठ्यातल्या कॅमेऱ्याला मी पेटीत एक घरगुती नाव दिलंय. टॉवर झोपला तरी ते नाव घरात चालतं, आणि तो अंथरुणातून गाभण म्हैस बघतो.

ही सगळी नावं असतात मात्र पेटीच्या मेमरीत. लाइट गेली की बाहेरून आणलेली पुसली जातात, उरतं फक्त गोठ्याचं, कारण ते लिहून ठेवलेलं आहे. आणि लाइट तर रोजच जाते. म्हणून मामाने पेटी इन्व्हर्टरवर घेतली, टीव्हीची पिन काढून. मामी अजून बोलते त्यावर.