संत पॅट्रिक आणि आयर्लंडचे साप

१७ मार्च या, पाचव्या शतकातील ख्रिस्ती धर्मप्रचारक संत पॅट्रिक यांच्या स्मृतिदिनी, त्यांनी आयर्लंडमधील सारे साप समुद्रात हाकलले, अशी कथा सांगितली जाते. ती खरी नाही. हिमयुगानंतर समुद्राने वेढलेल्या या बेटावर साप पोहोचलेच नव्हते, आणि पॅट्रिक यांच्या जन्मापूर्वीच रोमन लेखक सोलिनस याने तशी नोंद केली होती. खरी हकीकत मला कितीतरी थोर वाटते: रोमन ब्रिटनमध्ये जन्मलेल्या पॅट्रिक यांना वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास लुटारूंनी पळवून आयर्लंडमध्ये गुलाम केले, सहा वर्षांनी ते निसटले, आणि पुढे धर्मप्रचारासाठी स्वेच्छेने त्याच लोकांत परतले. हे सारे त्यांनी स्वतः लॅटिनमध्ये लिहून ठेवले आहे. त्यात सापांचा उल्लेखही नाही.