कुंडीतला ओवा आणि डब्यातला ओवा

काकूने तीन वर्षं वाट पाहिली. खिडकीतल्या कुंडीत ओव्याचं झाड मस्त पसरलेलं. पान चुरलं की अख्ख्या छपरीत वास सुटायचा, पण ओवा काही लागेना. "काऊन रे बापू, याले ओवा कधी लागन?" हा प्रश्न दर दिवाळीला ठरलेला. त्याचं उत्तर, काकू, कधीच नाही. वास सोडला तर त्या झाडाचं आणि मसाल्याच्या डब्यातल्या ओव्याचं काडीचंही नातं नाही.

नर्सरीवाला ज्याला "अजवाइन का पौधा" म्हणतो तो पानओवा. पानं जाड, रसाळ, लव असलेली आणि कडेला कातरलेली. काडीवर त्यांच्या समोरासमोर जोड्या येतात. हा तुळशी-पुदिन्याच्या कुळातला. त्याचं शास्त्रीय नाव कोलियस अँबॉइनिकस, ते इंडोनेशियातल्या अँबॉन बेटावरून १७९० साली पडलं. आपल्याकडच्या ओव्याशी त्या नावाचा काही संबंध नाही.

खरा ओवा सांबाराचा भाऊबंद. सांबार म्हणजे कोथिंबीर, बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. जिरं आणि बडीशेपही याच कुळातले. पानं शेपूसारखी बारीक चिरलेली, वर छत्रीसारखे पांढरे तुरे, आणि त्यात लागतो तो दाणा. आपण त्याला बी म्हणतो, पण शास्त्राच्या हिशोबाने ते फळ. रब्बीचं पीक आहे. दाणा पिकला की झाड वाळून जातं. देशात मोठं पीक राजस्थान-गुजरातेत निघतं.

मग वास एक कसा? दाण्यात थायमॉल नावाचं द्रव्य भरपूर असतं. पानओव्याच्या तेलात बहुतेक वेळा त्याचाच जोडीदार कार्व्हाक्रॉल जास्त असतो, कधी थायमॉलही. दोन्हींत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनचा १ अणू. फक्त एका जोडणीची जागा इकडची तिकडे, म्हणून नाक फसतं. अमृतधारा या घरगुती औषधात कापूर आणि पुदिन्याच्या फुलासोबत (म्हणजे मेंथॉलसोबत) जे ओव्याचं फूल पडतं, ते हेच थायमॉल. तिन्ही कोरडे खडे बाटलीत एकत्र केले की आपोआप पाणी होतं, हे लहानपणी पाहिलेलं अजून आठवतं.

घरात लावायचं तर माझं मत सरळ पानओव्याच्या बाजूने. बी शोधायची गरजच नाही. शेजारणीकडून चार बोटं लांबीचा शेंडा मागायचा, पेराच्या जरा खाली कापायचा, खालची दोन पानं काढायची आणि ओलसर मातीत खोचून सावलीत ठेवायचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतो. कुंडी विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही. तेलाची पाच लिटरची कॅन वरून कापली आणि बुडाला भोकं पाडली की झालं.

मातीत मात्र आपण वऱ्हाडातले लोक हमखास चुकतो. वावरातली काळी माती उचलून थेट कुंडीत भरतो. ती कपाशीला चांगली. कुंडीत ती पाणी धरून बसते, आणि वाळली की चिरा पडतात. पानओव्याच्या पानातच पाण्याचा साठा असतो, त्याला ओले पाय सोसत नाहीत. काळी माती, रेती आणि कुजलेलं शेणखत सारख्या प्रमाणात घ्यावं. पाणी द्यायच्या आधी बोट दोन पेरं खुपसून पाहावं. ओल लागली तर तांब्या परत ठेवायचा. माझं पहिलं झाड मी लाडानेच मारलं: रोज सकाळी तांब्याभर पाणी, पंधरा दिवसांत खोड बुडाशी काळं आणि मऊ.

उन्हाळ्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५च्या वर जातो तेव्हा हे झाड घरातच बरं, सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशा खिडकीत. कूलरच्या पाण्याची धार कुंडीत पडू देऊ नये. शेंडे खुडत राहावं म्हणजे झाड लांबट न होता झुडपासारखं भरतं. खुडलेल्या पानांचं काय करायचं हे वेगळं सांगायला नको: बेसनात बुडवून भजे. त्या बेसनातही चिमूटभर ओवा टाकणारे आहेत, मी त्यातलाच.

पण पान वाळवून ओव्याच्या जागी वापरायला जाल तर फसाल. जाड पानात बहुतेक पाणीच, वाळल्यावर हातात कागदासारखं काहीतरी उरतं. पुऱ्यांना आणि शेवेला दाणाच पाहिजे.

दाण्याचा ओवा खिडकीत उगवतो, नाही असं नाही. दिवाळीच्या सुमारास उथळ ट्रेमध्ये पेरला तर आठ-पंधरा दिवसांत कोवळी पानं दिसतात. ती वरणावर टाकायला छान. दाणा हवा तर मात्र भरपूर ऊन आणि चार-पाच महिन्यांचा धीर पाहिजे, आणि एका कुंडीतून येऊन येणार किती!

काकूने मागच्या हिवाळ्यात डब्यातला मूठभर ओवा सांबाराच्या वाफ्याकडेला टाकला. उगवला तेव्हा तिला वाटलं, मागच्या वर्षीचा शेपूच सांडून उगवलाय. उपटायलाच बसली होती.