दुर्मीळ सोल सिंगल्सचा संग्रह

अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांच्या, मुख्यतः १९६० च्या दशकातील सोल संगीताच्या सात इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकड्या शोधणे, त्यांच्या मूळ प्रती नकलांपासून वेगळ्या ओळखणे आणि जपणे असा हा छंद आहे. संगीत डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिसचे. छंद मात्र रुजला तो इंग्लंडच्या उत्तर आणि मध्य भागातल्या गिरण्या-खाणींच्या गावांत. तिथल्या रात्रभर चालणाऱ्या नृत्यसभांमधून ‘नॉर्दर्न सोल’ ही चळवळ उभी राहिली आणि तिच्याच पोटी या तबकड्यांचा बाजार जन्मला. या बाजाराचा हिशेब उलटा आहे. जे गाणे गाजले त्याच्या लाखो प्रती निघाल्या, म्हणून आज ते कवडीमोल मिळते. जे त्या काळी साफ पडले त्याच्या मोजक्या प्रती उरल्या आणि त्यांतल्या काहींना मोटारीची किंमत येते.

‘नॉर्दर्न सोल’ हे नाव डेव्ह गॉडिन या पत्रकार-दुकानदाराचे. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात त्याचे ‘सोल सिटी’ नावाचे रेकॉर्डचे दुकान होते. फुटबॉलच्या सामन्यांसाठी उत्तरेकडून येणारे तरुण फंक या ताज्या शैलीऐवजी डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या धाटणीच्या जुन्या, वेगवान ठेक्याच्या तबकड्या मागतात, हे त्याच्या लक्षात आले. दुकानातल्या नोकरांना गिऱ्हाईक ओळखता यावे म्हणून काढलेली ही खूण १९७० मध्ये ‘ब्लूज अँड सोल’ या नियतकालिकातून छापून आली आणि कायमची चिकटली. मँचेस्टरचा ‘ट्विस्टेड व्हील’, स्टोक-ऑन-ट्रेंटमधला ‘गोल्डन टॉर्च’, ब्लॅकपूलच्या मक्का इमारतीतली ‘हायलँड रूम’ आणि सप्टेंबर १९७३ ते डिसेंबर १९८१ या काळात चाललेला ‘विगन कसिनो’ ही या चळवळीची मुख्य ठाणी. कसिनोत रात्री दोनच्या सुमारास सुरू झालेला नाच सकाळी आठला संपे आणि शेवटी ठरलेली तीनच गाणी वाजत. दारूचा परवाना नसलेल्या या सभांना लोक मैलोन्‌मैल प्रवास करून येत. त्यात नाचणारे असत, तसे फक्त रेकॉर्डच्या पेट्या चाळायला येणारेही असत.

डीजेची पत त्याच्या पेटीत काय आहे यावर ठरू लागली. दुसऱ्याकडे नाही असे गाणे वाजवण्यासाठी अमेरिकेच्या गोदामांतून, धर्मादाय दुकानांतून, बंद पडलेल्या वितरकांकडून न खपलेला माल उपसला गेला. ब्लॅकपूलच्या इयन लेव्हीनने आईवडिलांबरोबरच्या सहलींत मायामीहून तबकड्या गोळा करून आणल्या आणि मक्काची शैली त्यावर उभी राहिली. हाती लागलेले रत्न प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून डीजे लेबलावर कोरा कागद चिकटवत आणि गाण्याला खोटे नाव, गायकाला खोटा परिचय देत. याला ‘कव्हर-अप’ म्हणतात. कित्येक गाणी अशी वर्षानुवर्षे टोपणनावाने नाचली गेली. या लबाडीमुळेच लेबल वाचण्याचे शास्त्र एवढे बारकाईने विकसित झाले असावे, असे मानायला जागा आहे: जी गोष्ट लपवली जाते तिचीच माणसे जास्त चौकशी करतात.

दुर्मीळपणाचे मूळ अमेरिकेच्या रेकॉर्ड धंद्याच्या रचनेत आहे. शहराशहरांत एका खोलीतून चालणारी लेबले, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपन्या, होती. निर्माता एखादे गाणे ध्वनिमुद्रित करी, काहीशे प्रती छापून घेई आणि स्थानिक रेडिओ केंद्रांना वाटे. रेडिओने गाणे उचलले तर मोठी कंपनी हक्क घेऊन ते देशभर पसरवी. नाही उचलले, तर उरलेली खोकी गोदामात. वॉशिंग्टनचे ‘श्राइन’ हे लेबल या प्रकारचा अतिरेक: साठच्या दशकाच्या मध्यावर दोन-तीन वर्षे चालले, जवळजवळ काहीच खपले नाही, आणि आज त्याची कोणतीही तबकडी संग्राहकाच्या डोळ्यांत पाणी आणते.

स्थानिक लेबलावरून राष्ट्रीय लेबलावर जाण्याच्या या वाटेमुळे एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन-तीन वेगळ्या ‘मूळ’ प्रती तयार होतात. बॅरेट स्ट्राँगचे ‘मनी’ १९५९ मध्ये डेट्रॉइटच्या टॅमला लेबलावर ५४०२७ या क्रमांकाने आले आणि मग देशभर वितरणासाठी ॲना लेबलावर ११११ या क्रमांकाने. मेम्फिसच्या सॅटेलाइट लेबलावरचे कार्ला टॉमसचे ‘जी व्हिझ’ अटलांटिकने उचलले. सॅटेलाइट नावाची दुसरी कंपनी कॅलिफोर्नियात निघाल्यावर या मंडळींनी १९६१ मध्ये ‘स्टॅक्स’ हे नाव घेतले; त्यामुळे सॅटेलाइटचे लेबल म्हणजे आपोआपच आरंभकाळाचा दाखला. गाणे तेच, आवाज तोच. तरी संग्राहकाला पहिले लेबल हवे असते आणि त्यासाठी तो अनेकपट पैसे मोजतो. बाहेरच्या माणसाला हे खुळ वाटेल. पण पहिल्या आवृत्तीच्या पुस्तकासाठी धडपडणाऱ्याला ते समजावून सांगावे लागत नाही.

लेबलाच्या रचनेतले बदलही तारीख सांगतात. टॅमलाच्या सुरुवातीच्या पिवळ्या लेबलांवर वरच्या भागात आडव्या रेघा आहेत. साधारण १९६१ नंतरच्या लेबलांवर त्यांच्या जागी पृथ्वीगोल येतात. म्हणून १९६० चे गाणे पृथ्वीगोलाच्या लेबलावर दिसले तर ती नंतरची छपाई. मिरॅकल्स या गायकसमूहाचे ‘शॉप अराउंड’ तर आणखी पेचाचे आहे. ते आधी एका रूपात बाजारात गेले आणि टॅमला-मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी याला पसंत न पडल्याने पुन्हा ध्वनिमुद्रित झाले. दोन्ही रूपांवर क्रमांक एकच, ५४०३४. फरक कळतो तो ऐकून किंवा तबकडीवर कोरलेल्या मॅट्रिक्स क्रमांकावरून.

हा मॅट्रिक्स क्रमांक शेवटच्या खोबणीच्या आणि लेबलाच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यात असतो. जाणकार तबकडी हातात घेतली की आधी दिव्याखाली तिरकी धरतो, कारण खरी जन्मकुंडली तिथे असते. कुठे यंत्राने उमटवलेली अक्षरे, कुठे सुईने हाताने खरवडलेले आकडे. मिशिगनमधल्या ओवोसो गावच्या ‘अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंग’ कारखान्याची एकमेकांत गुंतलेली ‘एआरपी’ ही अक्षरे डेट्रॉइटच्या कितीतरी तबकड्यांवर सापडतात. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याची खूण म्हणजे छोटा त्रिकोण आणि पुढे आकडा. हा आकडा कामागणिक वाढत जाई, त्यामुळे तारीख माहीत असलेल्या दोन तबकड्यांच्या मधल्या आकड्याची तबकडी कधीची, याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. अटलांटिकच्या तबकड्यांवर लेबलावरील क्रमांकापुढे ‘एसपी’, ‘एमओ’, ‘पीएल’ अशी दोन-दोन अक्षरे दिसतात. ती अनुक्रमे स्पेशालिटी, मोनार्क आणि प्लास्टिक प्रॉडक्ट्स या कारखान्यांची. न्यूयॉर्कच्या ‘बेल साउंड’ची मुद्रा मात्र कारखान्याची नाही, तर ध्वनी कापून तबकडीचा साचा तयार करणाऱ्या स्टुडिओची. नवखे लोक या दोन गोष्टींत गल्लत करतात आणि ‘चुकीच्या शहराची’ तबकडी नकली समजून सोडून देतात.

पदार्थही पाहावा लागतो. अमेरिकेत अशा बऱ्याच तबकड्या व्हिनाइलऐवजी स्टायरीन या प्लास्टिकच्या बनत. व्हिनाइलची तबकडी दाबाखाली बनते आणि लेबल तिच्यात दाबूनच बसते. स्टायरीन साच्यात टोचून भरतात आणि लेबल नंतर डिंकाने चिकटवतात, त्यामुळे त्याचा काठ किंचित उंचावलेला जाणवतो, कधी सुटतोही. स्टायरीन हलके, ताठ आणि नाजूक. जड सुईने वारंवार वाजवले, किंवा डीजेने गाण्याची सुरुवात जुळवायला तबकडी मागेपुढे फिरवली, की तिथे खरखर कायमची बसते. दिसायला चकचकीत आणि ऐकायला तळणीत पडलेल्या भज्यांसारखी, असे नमुने विक्रीत नेहमी येतात. कोलंबियाच्या कारखान्यांतून निघालेल्या ओके लेबलाच्या तबकड्यांबाबत हे विशेष लक्षात ठेवावे: मेजर लान्स या गायकाच्या जांभळ्या लेबलाच्या स्टायरीन प्रतीऐवजी कोणी व्हिनाइलची प्रत ‘मूळ’ म्हणून पुढे केली तर भुवई उंचवावी. मात्र हा नियम सर्वत्र लावता येत नाही. एकच गाणे एकाच आठवड्यात पूर्वेला व्हिनाइलवर आणि पश्चिमेला स्टायरीनवर छापले गेल्याची उदाहरणे ढीगभर आहेत.

ब्रिटिश प्रतींचा अभ्यास हा या छंदाचा वेगळाच पोटविभाग. मोटाउनची गाणी तिथे आधी लंडन अमेरिकन, मग फोंटाना, ओरिओल आणि स्टेटसाइड अशा लेबलांवरून आली. मार्च १९६५ मध्ये ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीने स्वतंत्र ‘टॅमला मोटाउन’ लेबल सुरू केले, त्याचा पहिला क्रमांक टीएमजी ५०१. ब्रिटिश तबकडीचे मधले छिद्र लहान असते, आपल्याकडच्या एचएमव्हीच्या ईपीसारखे. अनेकदा मधली चकती चार बारीक दांड्यांवर तोललेली असते, नाणे टाकून गाणी वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्ससाठी ती तोडून मोठे छिद्र करता यावे म्हणून. अशी तोडलेली प्रत स्वस्त होते. साठच्या दशकाच्या मध्यातल्या ईएमआय लेबलांवर ‘ठरलेल्या किमतीच्या अटींवर विक्री’ अशा अर्थाची बारीक अक्षरांतली ओळ असते, ती दशकाच्या अखेरीस गायब होते. छिद्राजवळ दाबून उमटवलेली ‘केटी’सारखी अक्षरे त्या वेळच्या खरेदीकराची. पुनर्मुद्रण करणाऱ्यांना हे बारकावे सहसा सुचत नाहीत. रेडिओला पाठवलेल्या ‘डेमो’ प्रतीवर मोठा ‘ए’ छापलेला असतो. एरवी दुकानातल्या प्रतीपेक्षा डेमो दुर्मीळ. पण जे गाणे कोणी विकतच घेतले नाही त्याची दुकानातली प्रत डेमोहूनही महाग पडते.

डॅरेल बँक्सचे ‘ओपन द डोअर टू युअर हार्ट’ हे याचे नमुनेदार उदाहरण. १९६६ मध्ये अमेरिकेत रेव्हिलट लेबलावर ते गाजले. ब्रिटनमध्ये लंडन लेबलाने एचएल १००७० या क्रमांकाने ते काढायची तयारी केली, तेवढ्यात हक्क ईएमआयकडे असल्याचे निष्पन्न झाले. लंडनची छपाई मागे घेतली गेली आणि गाणे स्टेटसाइडवर आले. स्टेटसाइडची प्रत शोधली की मिळते. लंडनच्या डेमो प्रती थोड्या उरल्या. दुकानासाठी छापलेली लंडनची प्रत मात्र २०१४ मध्ये उजेडात आली आणि लिलावात १४,५४३ पौंडांना गेली. तिन्ही तबकड्यांवर वाजते ते एकच ध्वनिमुद्रण.

या क्षेत्राचा कळस फ्रँक विल्सनच्या ‘डू आय लव्ह यू (इन्डीड आय डू)’ ला मानतात. मोटाउनच्या ‘सोल’ या उपलेबलावर १९६५ मध्ये ३५०१९ क्रमांकाच्या प्रचारप्रती छापल्या गेल्या. विल्सनने गायक होण्याऐवजी निर्माता राहणे पत्करले आणि प्रती नष्ट करण्यात आल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती वाचल्या. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांतली एक मोटाउनच्या संग्रहातून सायमन सुसान या व्यापाऱ्यामार्फत इंग्लंडला पोचली आणि विगनला एडी फॉस्टर या दुसऱ्याच गायकाच्या नावाने वाजू लागली. १९७९ मध्ये ईएमआयने टीएमजी ११७० म्हणून ती रीतसर काढली, म्हणजे गाणे कोणालाही घरी ऐकता येऊ लागले. तरी मूळ प्रत २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना आणि २०२० मध्ये एक लाख पौंडांना विकली गेली. गाणे सुंदर आहे यात शंका नाही, पण एवढी रक्कम कोणी गाण्यासाठी देत नाही.

मागणी एवढी, तिथे नकला आल्याच. सत्तरच्या दशकात खुद्द इंग्लंडमध्येच बूटलेगचा, म्हणजे बेकायदा छपाईचा, महापूर आला. काही नकला उघड पुनर्मुद्रणे होती, काही थेट मूळ लेबलाची हुबेहूब नक्कल. पकडण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. मूळ लेबल शिशाच्या खिळ्यांनी छापलेले असल्याने अक्षरांच्या कडा धारदार असतात. नकलेचे लेबल फोटोवरून केलेले, म्हणून कडा फुगीर आणि रंग मळकट. मूळ पट्ट्यात यंत्राची मुद्रा हवी तिथे नकलेत हाताची खरड असते किंवा पट्टा कोराच असतो. सगळ्यांत फसवे प्रकार म्हणजे त्या काळातच त्याच कंपनीने केलेली दुसरी छपाई. ती नकली नव्हे, पण पहिलीही नव्हे, आणि विक्रेते या फटीचा फायदा पुरेपूर घेतात.

लेबलावर पेनाने काढलेली फुली, रेडिओ केंद्राचा शिक्का किंवा जुन्या मालकाचे नाव यांनी किंमत थोडी उतरते. लेबलातून किंवा कडेला पाडलेले भोक म्हणजे कंपनीने तो माल मोडीत काढल्याची खूण. एखाद्या तबकडीची अशी भोकाचीच प्रत उपलब्ध असेल, तर मात्र कोणी नाक मुरडत नाही. पूर्वी टंकलिखित विक्रीयाद्या टपालाने येत. ज्याच्या घरी यादी आधी पोचे त्याचे फावे. आता लेबलांची छायाचित्रे आंतरजालावरच्या सूच्यांत एका क्लिकवर दिसतात. त्यामुळे घबाड स्वस्तात मिळण्याचे दिवस सरले, पण नकली माल विकणेही अवघड झाले.

अनेक ठिकाणी डीजेने मूळ प्रतच वाजवावी, पुनर्मुद्रण किंवा संगणकीय फाइल नाही, असा दंडक आजही पाळला जातो. त्यावर वाद जुना आहे. समर्थक म्हणतात की त्याशिवाय शोधणाऱ्याच्या कष्टांना मोल उरणार नाही. विरोधक म्हणतात की त्यामुळे पैसेवालेच डीजे होतात. १९८२ मध्ये लंडनच्या एस कंपनीने सुरू केलेल्या ‘केंट’ लेबलाने परवाने घेऊन शेकडो दुर्मीळ गाणी पुन्हा बाजारात आणली आणि कंपन्यांच्या फितींमधली कधीच न निघालेली गाणीही प्रथमच छापली. परवाना रीतसर असल्याने गायक-लेखकांना मानधन मिळण्याची वाट त्यातून उघडली. हजारो पौंडांच्या लिलावातून मात्र मूळ कलावंताच्या हाती एक पैही पडत नाही.