आईचे दागिने जर्मनीत आणताना: वारसाचा कागद, दोन मुदती आणि एनआरओ खाते

लॉकर उघडल्यावर बँक जी यादी करते ती साधारण अशी असते: "पिवळ्या धातूच्या बांगड्या, नग ४. पिवळ्या धातूची माळ, पांढऱ्या खड्यांसह, नग १." आईच्या पाटल्या आणि तन्मणी आईलाही ओळखू आले नसते. बँकेचा त्यात दोष नाही, सोने खरे की खोटे हे ठरवणे तिचे काम नव्हे. पण पुढे जर्मनीच्या कस्टमसमोर, म्हणजे त्सोलसमोर, हीच यादी ठेवायची असते. "पिवळा धातू" वाचून तिथला अधिकारी काय समजणार? म्हणून मी भेटेल त्याला सांगते, आधी कागद, मग दागिना. बहुतेक घरांत उलट होते. तेराव्यानंतर परतीचे विमान असते, मावशी म्हणते, "अंगावर घालून जा गं, कोण विचारतंय," आणि अडचण तिथून सुरू होते.

हे सगळे जर्मनीत राहणाऱ्यांसाठी लिहिते आहे, कारण तिथली वाट मला माहीत आहे. जकातीचा नियम युरोपीय संघाचा असल्याने नेदरलँड्स किंवा आयर्लंडमध्येही तो लागू पडतो. वारसा कर मात्र प्रत्येक देशाचा वेगळा.

सवलत कोणाला

युरोपीय संघाच्या २००९ च्या ११८६ क्रमांकाच्या नियमावलीत वारशाने मिळालेल्या वैयक्तिक वस्तूंना आयात शुल्कातून सूट आहे. जर्मनीत आयातीवरचा व्हॅटही त्याबरोबर माफ होतो. अटी मोजक्याच आहेत. तुमचे नेहमीचे वास्तव्य संघाच्या हद्दीत हवे, वस्तू खरोखर वारशाने आलेली हवी आणि वारसा कायम झाल्यापासून २ वर्षांच्या आत ती आणलेली हवी. एकाच फेरीत सगळे आणायची सक्ती नाही, दोन-तीन खेपांत आणले तरी चालते. खास कारण असेल तर मुदत वाढवून मागता येते, पण त्या भरवशावर बसू नये.

"वारशाने" हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. आईने हयातीत हातात दिलेले तोडे या सवलतीत बसत नाहीत. ती भेट झाली. विमानाने येणाऱ्याला संघाबाहेरून फक्त ४३० युरोपर्यंतच्या वस्तू करमुक्त आणता येतात, आणि आजच्या भावात तेवढ्यात धड एक अंगठीही येत नाही. सवलत नसेल तर सोन्याच्या दागिन्यावर २.५ टक्के जकात आणि तिच्यासकट होणाऱ्या रकमेवर १९ टक्के व्हॅट लागतो. म्हणजे १०,००० युरोच्या दागिन्यांवर २५० युरो जकात, मग १०,२५० वर १,९४७.५० व्हॅट, एकूण २,१९७.५० युरो. कागद जमवण्याचा कंटाळा आला की मी हा आकडा आठवते.

अंगावर घालून हिरव्या वाटेने बाहेर पडणे म्हणजे "जाहीर करण्यासारखे काही नाही" असे सांगणे. दागिना गळ्यात आहे की डब्यात, याने काही फरक पडत नाही. पकडले गेलात तर हक्काची सवलत बाजूला राहते आणि करचुकवेगिरीची नोंद होते.

वारस असल्याचा पुरावा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ नुसार तिचे मुलगे, मुली आणि पती यांना सारखा वाटा मिळतो. "आईचे दागिने मुलीचे" ही घराघरातली समजूत, कायद्याची नव्हे. बाबा हयात असतील तर तेही वारस आहेत, भाऊही आहे.

बँकेतली माणसे सर्रास "सक्सेशन सर्टिफिकेट आणा" म्हणतात. ते १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली मिळते आणि ठेवी, शेअर, रोखे यांच्यापुरतेच असते. दागिना त्यात येत नाही. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली दिवाणी न्यायालयाकडून वारसा प्रमाणपत्र काढता येते. परदेशी कार्यालयासमोर ठेवायला मला ते तलाठी-तहसीलच्या दाखल्यापेक्षा भक्कम वाटते. गोव्यात वाट वेगळी आहे. तिथे २०१२ च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विशेष नोटरीपुढे वारसनिश्चितीचा दस्त होतो आणि वाटणीवरून वाद असेल तर इन्व्हेंटरीची, म्हणजे न्यायालयात मालमत्तेची यादी करून वाटणीची, कारवाई चालते.

लॉकरला नामनिर्देशन असेल तर बँक वस्तू नॉमिनीच्या ताब्यात देते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त ताबेदार. म्हणून नॉमिनी असलात तरी वारसाचा कागद लागतोच.

भावंडांनी आपसात वाटणी केली तर वाटणीपत्र जपून लिहा. पाटल्या तुम्हाला, फ्लॅटमधला मोठा हिस्सा भावाला, असे ठरले असेल तर दोन्ही गोष्टी एकाच कागदात येऊ द्या. तुमच्या वाट्याहून जास्त दागिने "भावाने खुशीने दिले" असे लिहिलेत, तर जर्मन आयकर कार्यालय, म्हणजे फिनान्त्सआम्ट, तेवढा भाग भावाकडून आलेली भेट धरू शकते. भावंडांकडून आलेल्या भेटीला तिथे फक्त २०,००० युरोची सूट आहे.

स्वतः जाता येत नसेल तर मुखत्यारपत्र बर्लिनच्या भारतीय दूतावासात किंवा म्युनिक, फ्रँकफर्ट, हॅम्बर्गच्या वकिलातीत साक्षांकित करून पाठवता येते. महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, आणि हे हमखास विसरले जाते.

लॉकर उघडण्याचा दिवस

बँक साक्षीदारांसमोर यादी करते आणि सह्या घेते. त्याच दिवशी, निदान त्याच आठवड्यात, सरकारमान्य मूल्यांकनकाराकडे जा. त्याच्या अहवालात प्रत्येक दागिन्याचे नाव, फोटो, ग्रॅममध्ये एकूण आणि निव्वळ वजन, कॅरेट, खडे आणि किंमत असू द्या. मृत्यूच्या तारखेची किंमतही वेगळी लिहून घ्या, जर्मन वारसा कर त्या तारखेवर चालतो. बँकेच्या यादीतला अनुक्रमांक अहवालातही टाकायला सांगा, म्हणजे "पिवळ्या धातूची माळ, नग १" आणि "मोहनमाळ, २२ कॅरेट" ही एकच वस्तू आहे हे कोणालाही दिसते. आजीच्या जुन्या पावत्यांवर वजन तोळ्यात असेल तर जपून. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा सराफ १० ग्रॅमचा धरतो, आणि दोन कागदांतली तफावत पाहून अधिकाऱ्याला वाटते काहीतरी बदलले.

डब्यातल्या दोन वस्तू बाजूला काढा. पहिली, सोन्यात मढवलेले वाघनख. जुन्या घरांत ते बाळाच्या गळ्यातले सापडतेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला मालकीचे प्रमाणपत्र लागते, वारशाने मिळाल्यास ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे घोषणा करावी लागते, आणि ते विकता किंवा देशाबाहेर नेता येत नाही. हस्तिदंती बांगड्यांनाही हात लावू नका. दुसरी, शंभर वर्षांहून जुनी वस्तू. पुरावस्तू कायदा, हाही १९७२ चाच, शंभरी गाठलेला दागिना किंवा नाणे पुरावस्तू मानतो आणि खासगी व्यक्तीला त्याची निर्यात करू देत नाही. पणजीचा कोल्हापुरी साज किंवा जुन्या नाण्यांची माळ असेल आणि वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून "पुरावस्तू नाही" असा दाखला घ्या. घरात "दीडशे वर्षांपूर्वीची" म्हणून मिरवलेली नथ खरोखर तेवढी जुनी असेल, तर ती इथेच राहील.

विमानतळ, दोन्ही बाजूंचे

भारतातून स्वतःच्या सामानात सोन्याचे दागिने नेण्यावर किमतीची मर्यादा नाही, मात्र ते खरोखर वैयक्तिक सामान हवे. वारसाचा कागद आणि मूल्यांकन हाताशी ठेवा. पुढे लग्नकार्याला तेच दागिने घालून भारतात यायचे असेल तर निघताना भारतीय कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. नाहीतर वर्षाहून अधिक काळ बाहेर राहून परतणाऱ्या बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम एवढेच दागिने करमुक्त, यावरून हुज्जत होते.

नाणी आणि बिस्किटे नेऊ नका, इथेच विका. युरोपीय संघात १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख लेखी जाहीर करावी लागते, आणि २०२१ पासून किमान ९० टक्के सोने असलेली नाणी व ९९.५ टक्के शुद्धतेची बिस्किटे "रोख" या व्याख्येतच येतात.

दागिने हातातल्या बॅगेतच असणार, म्हणून तिकीट काढतानाच विचार करा. संघात पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच हातातल्या सामानाची जकात तपासणी होते. पॅरिसला विमान बदलून श्टुटगार्टला जाणाऱ्याला हे सगळे कागद फ्रेंच अधिकाऱ्याला दाखवावे लागतील. मुंबईहून थेट फ्रँकफर्ट किंवा म्युनिक घ्या, लाल वाटेने जा आणि "एर्बशाफ्ट्सगूट", म्हणजे वारशाचा माल, एवढा शब्द पाठ करून ठेवा. त्याआधी काही आठवडे आपल्या भागाच्या मुख्य कस्टम कार्यालयाला यादी पाठवून विचारले तर विमानतळावर उभे राहण्याचा वेळ वाचतो.

बरोबर ठेवायचे ते एवढे: पासपोर्ट आणि वास्तव्य परवाना, मेल्डेबेशाइनिगुंग, म्हणजे राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, मृत्यू दाखला, मृत्युपत्र किंवा वारसा प्रमाणपत्र, वाटणीपत्र, बँकेची लॉकर यादी, मूल्यांकन अहवाल. मराठी कागदांचे जर्मनीतल्या शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर हवे. इंग्रजी कागद पुष्कळदा चालून जातात, पण न्यायालयाचा कागद मी भाषांतरितच ठेवला. त्सोलने दिलेला शिक्क्याचा कागद जन्मभर सांभाळा. पुढच्या प्रत्येक भारतवारीहून परतताना तोच विचारला जाईल.

फिनान्त्सआम्टची ३ महिन्यांची मुदत

भारतात १९८५ पासून मृत्यूनंतरचा कर नाही, त्यामुळे जर्मनीतही नसेल असे आपण धरून चालतो. जर्मनीत राहणाऱ्या वारसाला जगात कुठेही मिळालेला वारसा तिथे करपात्र आहे. अपत्याला प्रत्येक पालकामागे ४,००,००० युरोची सूट असल्याने बहुतेकांना भरावे काहीच लागत नाही. पण वारसा कळल्यापासून ३ महिन्यांत कळवायचे असते. साधे पत्र पुरते: कोण वारले, कधी आणि कुठे, नाते काय, काय मिळाले, किंमत किती, आधी भेटी मिळाल्या होत्या का. पुण्यातल्या फ्लॅटचा हिस्सा धरला तर सूट वाटते तितकी मोठी उरत नाही, म्हणून दागिन्यांचे पत्र एकटे पाठवू नका, सगळे एकत्र मांडा.

पैसे

काही दागिने विकायचे असतील तर भारतात विकून पैसे आणणे सोपे पडते. दोन वर्षांहून जुन्या दागिन्यावरचा नफा दीर्घ मुदतीचा धरला जातो आणि त्यावर १२.५ टक्के कर व त्यावरचे उपकर लागतात. मुदत मोजताना आईकडे असलेला काळही जमेस येतो. खरेदी २००१ पूर्वीची असेल तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो, म्हणून मूल्यांकनकाराकडून तोही आकडा घ्या. अनिवासी विक्रेत्याकडून घेणाऱ्याने कर कापून घ्यायचा असतो. बरेच सराफ हे ऐकून मागे सरतात. एकाने मला "भावाच्या नावाने बिल करूया" असे सुचवले. ते करू नका. मग पैसे भावाचे ठरतात आणि तुमच्यापर्यंत ते त्याच्या परदेशी रक्कम पाठवण्याच्या वार्षिक मर्यादेतून भेट म्हणून येतात. रोखीत २ लाख किंवा त्याहून जास्त घेणे बेकायदा आहे, चेक किंवा बँकेतूनच घ्या.

हे पैसे, तसेच आईच्या ठेवींचे पैसे, एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या मिळकतीसाठीच्या रुपया खात्यात, जमा होतात. थेट एनआरई खात्यात, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठीच्या खात्यात, टाकता येत नाहीत. एनआरओमधून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. बँक वारशाचा पुरावा, कर भरल्याचा पुरावा, अर्ज आणि परदेशी रक्कम पाठवण्यासाठीचे दोन आयकर फॉर्म, म्हणजे तुमची घोषणा १५सीए व सनदी लेखापालाचा दाखला १५सीबी, मागते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने फॉर्म भरण्याआधी त्यांचे चालू क्रमांक लेखापालाकडून तपासून घ्या, बोलण्यात जुनीच नावे आहेत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. रक्कम मोठी असेल तर अर्धी मार्चआधी, अर्धी एप्रिलमध्ये, असे दोन वर्षांत विभागता येते.

एनआरओच्या व्याजावर बँक ३० टक्के व अधिभार कापते. जर्मनीचे कर-रहिवासी प्रमाणपत्र दिले तर दुहेरी कर करारानुसार तो दर १० टक्क्यांवर येतो. आणि जर्मन खात्यात परदेशातून ५०,००० युरोहून जास्त रक्कम आली की बुंडेसबांकला, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेला, ती कळवणे तुमचे काम आहे, बँकेचे नव्हे. ते पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच उरकून टाका. २०२४ अखेरपर्यंत ही मर्यादा १२,५०० होती, म्हणून जुन्या माहितीत तोच आकडा सापडतो.