डब्यावरचे आकडे आणि बेअरिंगमधील तेलाची पाचर

इंजिन तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळून ‘हे तेल जाड आहे, म्हणजे चांगले आहे’ असा निर्वाळा देण्याची सवय फार जुनी आहे, आणि ट्रॅक्टरच्या बाबतीत तर ती नियमासारखीच पाळली जाते. काम अवजड, म्हणून तेलही जाड हवे, असा तो विचार असतो. त्यात सत्याचा एक अंश निश्चित आहे; परंतु तो अंश कोणता आणि त्याची मर्यादा कोठे संपते हे समजण्यासाठी इंजिनाच्या आत, बेअरिंग (दांड्याला आधार देणारे कडे) आणि फिरता दांडा यांच्यामधल्या अतिशय अरुंद फटीत काय घडते ते पाहावे लागते.

तेलाच्या जाडपणाला भौतिकशास्त्रात श्यानता म्हणतात. द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना जो विरोध करतात, तो म्हणजे श्यानता. घनतेशी तिची गल्लत करू नये: तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यावर तरंगते, तरीही त्याची श्यानता पाण्यापेक्षा कितीतरी अधिक असते. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की श्यानता तापमानाबरोबर वेगाने घटते. १५डब्ल्यू-४० या प्रकारच्या तेलाची श्यानता ४० अंश सेल्सिअसला साधारण ११० सेंटिस्टोक (श्यानतेचे एक एकक) असते, तर १०० अंशांना ती १४ ते १५ सेंटिस्टोकपर्यंत उतरते. बोटांमध्ये चोळलेले तेल शरीराच्या तापमानाचे असते. इंजिन चालू असताना तेच तेल त्याच्या सात-आठ पट पातळ झालेले असते. बोटांची परीक्षा फसते ती येथेच.

डब्यावरचे आकडे अमेरिकेतील ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या वर्गवारीचे आहेत. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठी आहे. त्याआधीचा १५ हा आकडा तापमानाचे अंश दाखवत नाही. तो केवळ एका श्रेणीचे नाव आहे. त्या श्रेणीत बसण्यासाठी तेलाची श्यानता उणे २० अंशांना ७,००० सेंटिपॉइजच्या (श्यानतेचे दुसरे एकक) आत असावी लागते, म्हणजे गारठलेले इंजिन स्टार्टरने फिरू शकते. नंतरचा ४० हा आकडा सांगतो की १०० अंशांना श्यानता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान आहे. ३० या श्रेणीसाठी तीच मर्यादा ९.३ ते १२.५, आणि ५० साठी १६.३ ते २१.९ अशी आहे.

मल्टिग्रेड, म्हणजे असे दोन्ही आकडे असलेले तेल ‘थंडीत पातळ आणि उष्णतेत जाड’ होते, असे सर्रास सांगितले जाते. ते चुकीचे आहे. प्रत्येक इंजिन तेल तापल्यावर पातळच होते. मल्टिग्रेड तेल कमी प्रमाणात पातळ होते, इतकाच फरक. त्यासाठी मूळ तेल पातळ घेऊन त्यात लांब साखळीचे बहुवारिक (पॉलिमर) रेणू मिसळतात. मूळ तेल तापून पातळ झाले तरी या रेणूंमुळे होणारी श्यानतेची वाढ टिकून राहते, आणि काही प्रकारचे रेणू तर उष्णतेने अधिक पसरतात. यामुळेच १५डब्ल्यू-४० हे १०० अंशांना साध्या ४० क्रमांकाच्या तेलाइतकेच वागते, मात्र थंडीत त्याच्यापेक्षा बरेच सहज वाहते.

आता त्या फटीकडे वळू. १८८३ मध्ये बीचम टॉवर या ब्रिटिश अभियंत्याने रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या वरच्या भागाला एक छिद्र पाडले, तर आस फिरू लागताच त्या छिद्रातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. छिद्रात बसवलेले लाकडी बूचसुद्धा तेलाने बाहेर ढकलले. तेथे दाबमापक लावला तेव्हा बेअरिंगवरील भाराच्या सरासरी दाबापेक्षा दुपटीहून अधिक दाब दिसला. हा दाब कोणत्याही पंपाने निर्माण केलेला नव्हता. तो फिरणाऱ्या आसाने तेलातच निर्माण केला होता. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स याने त्याची गणिती उपपत्ती मांडली, आणि आजही प्रत्येक क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) बेअरिंग त्याच समीकरणावरून आखले जाते.

ही घटना मला यंत्रशास्त्रातील सर्वांत सुंदर घटनांपैकी एक वाटते. बेअरिंगचे भोक दांड्यापेक्षा किंचित मोठे असते; भारामुळे दांडा एका बाजूला सरकतो आणि फट एकीकडे रुंद, दुसरीकडे अरुंद अशी पाचरीच्या आकाराची होते. फिरणाऱ्या दांड्याला चिकटलेला तेलाचा थर शेजारच्या थराला ओढतो, आणि श्यानतेमुळे ही ओढ पुढच्या थरांपर्यंत पोचते. अशा रीतीने तेल रुंद बाजूकडून अरुंद बाजूकडे ओढले जाते. परंतु तेल जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे जेवढे आत शिरते तेवढेच अरुंद भागातून पार व्हायला हवे. हा हिशेब जुळण्यासाठी मध्यभागी दाब वाढतो. तो दाब येणाऱ्या तेलाला रोखतो, जाणाऱ्या तेलाला ढकलतो, आणि त्याच वेळी दांड्याला धातूपासून वर उचलून धरतो. साचलेल्या पाण्यावरून वेगाने जाणाऱ्या गाडीचे टायर रस्त्याचा स्पर्श सोडून पाण्यावर उचलले जातात, त्यामागेही पाचरीतून वाढणारा असाच दाब असतो. इंजिनाच्या बेअरिंगमध्ये हा दाब शेकडो बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) जातो, तर तेलाचा पंप केवळ काही बारचा दाब देतो. पंपाचे काम तेल पोचवण्याचे; भार पेलण्याचे काम पाचर करते.

पाचरीची जाडी ठरवणारी राशी अशी: श्यानता गुणिले वेग, भागिले भार. १९०२ मध्ये रिचर्ड श्ट्रिबेक याने घर्षणाचा आलेख मांडला तो या संबंधावरच आधारलेला आहे. ही राशी फार लहान झाली तर थर पातळ होऊन धातूची टोके एकमेकांना भिडतात आणि घर्षण एकदम वाढते. राशी मोठी झाली की पृष्ठभाग पूर्ण वेगळे होतात. पण त्यापलीकडे ती वाढवत नेली तर घर्षण पुन्हा वाढू लागते, कारण आता तेलाचे थर कापण्यातच शक्ती खर्च होते. आलेखाच्या तळापासून किंचित उजवीकडे, सुरक्षित अंतर राखून इंजिन चालावे, असा आरेखनकाराचा प्रयत्न असतो.

ट्रॅक्टर आणि मोटार यांना वेगळे तेल का लागते, याचे उत्तर याच राशीत आहे. ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर चालते आणि नांगरणीत किंवा रोटाव्हेटर चालवताना तासन्‌तास जवळजवळ पूर्ण भार सोसते. वेग कमी आणि भार मोठा, म्हणून श्यानता अधिक हवी. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० ही तेले तेथे शोभतात ती यामुळे. जाड तेलाच्या समजुतीतील सत्याचा अंश तो हाच. जास्त फेऱ्यांवर चालणाऱ्या आधुनिक पेट्रोल मोटारीत फटी, पंप आणि तेलाचे मार्ग पातळ तेल गृहीत धरूनच आखलेले असतात, म्हणून तिला ०डब्ल्यू-२० पुरते. हेच तेल ट्रॅक्टरमध्ये घालणे घातक ठरेल, आणि ट्रॅक्टरचे तेल त्या मोटारीत घालणेही चुकीचेच.

गरजेपेक्षा जाड तेलाचे नुकसान सहसा दाबमापकावर दिसत नाही. उलट काटा वर गेलेला पाहून चालकाला समाधान वाटते. हा दाब प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा असतो. थंड, जाड तेल पुढे सरकेना की पंपाजवळची सुरक्षा झडप उघडते आणि तेलाचा काही भाग परत इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलपात्रात (सम्पमध्ये) जातो. फिल्टरची बगल झडपही उघडू शकते, म्हणजे तेल न गाळताच पुढे जाते. झडपा उघडणाऱ्या दूरच्या कॅमला आणि टर्बोचार्जरला तेल उशिरा मिळते. शिवाय जाड तेल कापले जाताना स्वतःच अधिक तापते आणि आपल्या जाडपणाचा काही भाग तेथेच गमावते.

अत्यंत वेगाने कापले जाताना बहुवारिक रेणू प्रवाहाच्या दिशेत आडवे होऊन तेल तात्पुरते पातळ होते, म्हणून १५० अंशांवरील एक वेगळी कसोटीही घेतली जाते. तिच्यात १५डब्ल्यू-४० साठी किमान ३.७ आणि ०डब्ल्यू-२० साठी किमान २.६ सेंटिपॉइज ही अट आहे. अवजड कामाच्या इंजिनासाठी हा आकडा १०० अंशांच्या आकड्याहून अधिक बोलका आहे, आणि तो तेलाच्या माहितीपत्रकात शोधावा.

निवड करताना पहिला आधार निर्मात्याच्या पुस्तिकेतील तक्ता. त्यात बाहेरच्या तापमानानुसार श्रेणी दिलेल्या असतात. कडाक्याच्या थंडीत १०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू, उष्ण हवामानात १५डब्ल्यू किंवा २०डब्ल्यू असे साधारण गणित असते. श्यानतेइतकाच डिझेल इंजिनासाठी ‘सीआय-४’, ‘सीके-४’ यांसारखा, ‘एपीआय’ या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेने ठरवलेला दर्जाही जुळायला हवा, कारण काजळी धरून ठेवणे आणि आम्लाचा नाश करणे ही कामे श्यानता करत नाही. डिझेल इंजिनातील तेल लवकर काळे पडले म्हणून ते खराब झाले असे नव्हे. ते काजळी तरंगती ठेवत आहे, एवढेच त्यातून कळते. वेगळ्या बाटलीत मिळणारे, घर्षण ‘नाहीसे’ करण्याचा दावा करणारे मिश्रण टाळावे: पूर्ण तयार केलेल्या तेलातील घटकांचे प्रमाण त्याने बिघडू शकते, आणि पाचरीचे गणित मात्र त्याच श्यानतेवर अवलंबून राहते.

झिजलेल्या, तेल पिणाऱ्या इंजिनात पुस्तिकेने मान्य केलेल्या श्रेणींपैकी एक पायरी जाड तेल वापरल्यास पिस्टनच्या रिंगांमधून वर जाणारे तेल काहीसे कमी होते, पण झीज भरून येत नाही. आणि गिअरच्या ९० क्रमांकाच्या तेलाला इंजिनाच्या ४० च्या दुप्पट जाड समजू नये. गिअर तेलांची मोजपट्टी वेगळी असून १०० अंशांना ते इंजिनाच्या ४० किंवा ५० क्रमांकाच्या तेलाइतकेच असते. ज्या ट्रॅक्टरमध्ये गिअर, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक एकाच तेलावर चालतात, तेथे त्या ब्रेकच्या चकत्यांसाठी बनवलेले ट्रान्समिशन तेलच घालावे लागते, मग इंजिन तेलाचा जाडपणा कितीही जुळत असला तरी.