चित्रपट-अभ्यास (विद्यापीठीय)

चित्रपट-अभ्यास : चित्रपटाची घडण, त्याचा इतिहास, सिद्धांत आणि प्रेक्षक यांचे विद्यापीठीय पातळीवरील अध्ययन. चित्रपटनिर्मितीचे शिक्षण व वृत्तपत्रविद्या यांच्याशी याचे निकटचे नाते असले, तरी भर कॅमेरा हाताळण्यापेक्षा पडद्यावरचे वाचण्यावर असतो. दूरचित्रवाणी आणि पुढे डिजिटल माध्यमे याच कक्षेत आल्यावर ‘चित्रपट व माध्यम अभ्यास’ हे जोडनाव रूढ झाले. अमेरिकेत १९५९ मध्ये स्थापन झालेल्या अभ्यासकांच्या संघटनेनेही २००२ मध्ये आपल्या नावात माध्यमांचा समावेश केला.

विषयाच्या उगमाबद्दल एकमत नाही. मॉस्को येथील चित्रपट-विद्यालय १९१९ चे असल्याने काही जण तो मान त्याला देतात. अमेरिकी लेखक न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१५ च्या सुमारास सुरू झालेल्या पटकथालेखनाच्या वर्गाकडे, किंवा १९२९ पासूनच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाकडे बोट दाखवतात. या सर्व ठिकाणी मुख्य हेतू कारागीर घडवण्याचा होता. चित्रपट हा स्वतंत्र ज्ञानविषय मानण्याचा पहिला संघटित प्रयत्न पॅरिसमधील ‘फिल्मॉलॉजी’ चळवळीचा होय, हे मत अधिक ग्राह्य वाटते. गिल्बेर कोएन-सेआ यांच्या पुढाकाराने पॅरिसच्या सॉर्बन विद्यापीठात १९४८ मध्ये या विषयाची संस्था उभी राहिली. ब्रिटनमध्ये चित्रपटाचे पहिले प्राध्यापकपद १९६७ मध्ये थोरोल्ड डिकिन्सन यांना मिळाले. विषयाचे आजचे रूप मात्र १९७० नंतरचे आहे. चिन्हमीमांसा (चिन्हांतून अर्थ कसा घडतो याचे शास्त्र), मनोविश्लेषण आणि स्त्रीवाद यांनी ते घडवले.

भारतात स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने (नियुक्ती १९४९, अहवाल १९५१) प्रशिक्षण संस्थेची शिफारस केली. त्यानुसार १९६० मध्ये पुण्यात, बंद पडलेल्या प्रभात स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ चे. दोन्ही संस्था लॉ कॉलेज रस्त्यालगत असल्याने वर्गात चर्चिलेला चित्रपट प्रत्यक्ष पाहण्याची सोय झाली, आणि हा योग फार मोलाचा ठरला. आग्र्यात अर्थशास्त्र शिकवणारे व फिल्म सोसायटी (निवडक चित्रपट पाहून चर्चा करणारे मंडळ) चालवणारे सतीश बहादूर १९६३ मध्ये चित्रपट-रसास्वादाचे प्राध्यापक म्हणून पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये आले. चित्रपट तुकड्यातुकड्याने थांबवून वाचण्याची त्यांची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. संपादनाच्या टेबलावर रीळ चढवायचे, दृश्य संपले की थांबायचे, शॉटचा क्रमांक, त्याची लांबी, कॅमेऱ्याचे स्थान, आवाज कोठून येतो हे टिपायचे आणि मगच अर्थाबद्दल बोलायचे. दहा मिनिटांच्या रिळाला दिवस पुरत नाही. संस्था व संग्रहालय यांनी मिळून चालवलेल्या उन्हाळी रसास्वाद वर्गांतून ही दृष्टी शिक्षक, पत्रकार व फिल्म सोसायट्यांच्या कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचली.

पदवीच्या स्वरूपात हा विषय प्रथम कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात आला. तेथे १९९३ मध्ये स्वतंत्र विभाग निघाला. पुढे दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कलामीमांसेच्या अंगाने तो शिकवला जाऊ लागला. भारतातील चित्रपट-अभ्यासाचा आरंभ १९९३ मध्ये मानण्याचा प्रघात आहे. विभाग व पदवी हेच निकष धरले तर तो बरोबर आहे. परंतु शिस्तबद्ध वाचनाची परंपरा हा निकष लावल्यास आरंभ पुण्यात, तीन दशके मागे न्यावा लागतो.

अभ्यासाचा पाया म्हणजे चित्रपटाची उपलब्ध प्रत. मूकपटांच्या बाबतीत हा पाया फारच खचलेला आहे. भारतात तयार झालेल्या सुमारे १,३०० मूकपटांपैकी तीसेकही आज पूर्ण वा अंशतः उपलब्ध नाहीत. जे उरले, त्याचे मोठे श्रेय संग्रहालयाचे पी. के. नायर यांना जाते. त्यांच्या कारकिर्दीत संग्रह सुमारे १२,००० चित्रपटांवर गेला.

प्रत हाती असूनही प्रश्न सुटतोच असे नाही. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाची पहिली व शेवटची रिळे शिल्लक आहेत. ती मूळ चित्रपटाची की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची, यावर मतभेद आहेत. लांबीचाही घोळ आहे. मूळ लांबी सुमारे ३,७०० फूट नोंदलेली आढळते व कालावधी बहुधा ४० मिनिटे दिला जातो. ३५ मिमी. फितीच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम, म्हणजे एकेक स्थिरचित्र) असतात. सेकंदाला २४ चौकटी या बोलपटाच्या वेगाने ३,७०० फूट ४१ मिनिटांत संपतात, पण सेकंदाला १६ चौकटींनी तीच फीत ६१ मिनिटांहून अधिक चालते. मूकपटांचे कॅमेरे हाताने फिरवले जात आणि वेग एकसारखा नसे. त्यामुळे ४० मिनिटांचा आकडा नंतरच्या यंत्राच्या हिशेबाने आला असावा. विद्यार्थ्याने मूकपटाच्या कालावधीपेक्षा फुटांवर विसंबणे श्रेयस्कर.

मराठीतून या विषयाचा विद्यापीठीय विस्तार मर्यादित राहिला. त्याची जागा बऱ्याच अंशी फिल्म सोसायट्यांनी, विशेषतः मुंबईच्या प्रभात चित्र मंडळाने (स्थापना १९६८) व रसास्वाद शिबिरांनी भरून काढली. पुण्याच्या संस्थेत शिकलेले अरुण खोपकर यांच्या गुरुदत्त यांच्यावरील मराठी ग्रंथास चित्रपटविषयक सर्वोत्कृष्ट पुस्तकाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. शॉटनिहाय वाचनाची शिस्त मराठी गद्यात कशी उतरते, याचा तो उत्तम नमुना आहे. मुंबई विद्यापीठाच्या जनमाध्यम पदवीत चित्रपट हा अनेक विषयांपैकी एक असतो. पुणे व कोलकाता येथील केंद्र सरकारच्या चित्रपट संस्थांना २०२५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा देण्यात आला. त्यामुळे संशोधनपर पदवीची वाट आता या संस्थांतूनही खुली झाली आहे.